नोंद कुठे करायची? कोल्हापुरातल्या एका सतरा वर्षांच्या मुलाचे प्रकरण

कट्टरतेकडे ओढल्या जाणाऱ्या मुलाचे हे प्रकरण प्रशिक्षणासाठी रचलेले आहे. मुलगा, त्याचे घर, पोलीस, चॅट आणि त्यातले आकडे जुळवलेले आहेत. कायदा, न्यायालयांचे निकाल आणि कोल्हापूर मात्र खरे आहे. मुलाचा धर्म मुद्दाम लिहिलेला नाही. वाचताना मनात एखादे नाव येणारच. वाचून झाल्यावर दुसऱ्या धर्मातले नाव घालून पुन्हा एकदा वाचावे. एखाद्या टप्प्यावर पोलिसांनी वेगळे वागायला हवे होते असे वाटले, तर तो टप्पा परत तपासावा.

घर आणि गल्ली

मुलगा १७ वर्षे ४ महिन्यांचा. आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड, दुसरे वर्ष. वडील शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत मोल्डिंगवर, आठवड्याआड रात्रपाळी. आई घरीच पिको-फॉल करते. जुन्या पेठेतली दोन खोल्यांची जागा, खाली सामाईक नळ.

७ जून २०२३ ला हा मुलगा पंधरा वर्षांचा होता. त्या दिवशी आक्षेपार्ह स्टेटसवरून शहर बंद होते, छत्रपती शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, लाठीमार आणि अश्रुधूर झाला, मोबाइल इंटरनेट बंद केले गेले. शहर पूर्ववत झाले, पण त्या दिवशी वडिलांना चारचौघांत ऐकून घ्यावे लागलेले एक वाक्य मुलाच्या डोक्यात राहिले. असे वाक्य कोल्हापुरात दोन्ही बाजूंच्या घरांत सापडेल. भरती करणारा माणूस नेमके तेच वाक्य हुडकत असतो.

मुलगा रोज सकाळी तालमीत जायचा. कोल्हापूरच्या काही तालमींत एकाच छताखाली गणपतीही बसतो आणि मोहरमचा पंजाही. दोन्ही सण एकत्र आले तेव्हा शेजारी शेजारी बसवलेलेही लोकांनी पाहिलेत. मुलाने तालीम सोडून महिना झाला होता. वस्तादांना वाटले, परीक्षा असेल.

त्रेपन्न दिवस

पहिला संपर्क रीलखालच्या कॉमेंटमधून झाला. मुलाने रागाने काहीतरी लिहिले, त्यावर एकाने लिहिले, "खरं बोललास भावा." तिथून टेलिग्रामचे खुले चॅनेल, मग बारा जणांचा बंद ग्रुप, मग एका 'दादा'शी थेट बोलणे. पहिले दोन आठवडे दादाने काहीच मागितले नाही. जेवलास का, झोपलास का, एवढेच. युनिट टेस्टमध्ये मुलगा नापास झाला त्या रात्री दादाचा फोन चाळीस मिनिटे चालला. घरी वडील रात्रपाळीला होते.

मागण्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाल्या. आधी म्हणे, दुसऱ्या धर्माच्या मित्रांबरोबरचे फोटो काढून टाक. मग तालीम सोड, तिथे सगळे मिसळलेले असतात. पाचव्या आठवड्यात आईच्या नावावर एक सिम घ्यायला लावले आणि एका नंबरवर ४९९ रुपयांचा रिचार्ज मारायला लावला. त्याच सुमारास तीन क्लिप बॅचच्या ६८ जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला लावल्या. सातव्या आठवड्यात मिरवणुकीच्या मार्गावरच्या एका चौकात पोलीस बंदोबस्त कुठे उभा असतो, त्याचे फोटो मागितले. ते फोटो मुलाने काढले नाहीत. का काढले नाहीत, हे त्याला पुढेही नीट सांगता आले नाही.

तपासात सगळ्यांची नजर व्हिडिओंवर जाते, कारण ते भडक असतात. या फोनमध्ये ४१ व्हिडिओ आणि दोन पीडीएफ होत्या. पण व्हिडिओ पाहणारे शेकडो असतात. मागण्या मानणारा एखादाच. चॅट वाचताना प्रत्येक मागणीची तारीख आणि ती मानली की टाळली, एवढे दोन रकाने काढले तरी मुलगा कोणत्या पायरीवर आहे ते कळते. इथे सहा मागण्या होत्या, पाच मानलेल्या, सहावी टाळलेली. सहावी पहिल्या पाचांपेक्षा वेगळ्या जातीची आहे: तिथे मुलगा बोलण्यातून कृतीकडे जाणार होता.

कळवायचे कुणाला

सगळ्यात आधी लक्षात आले ते आतेबहिणीच्या. ती नर्सिंगला आहे, रविवारी मुक्कामाला येते. रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठली तर हा चुलीच्या ओट्याला टेकून कुजबुजत होता, आणि ओट्यावर फोनचा सिमचा ट्रे उघडा पडला होता. "कुणाशी बोलतोस?" म्हटल्यावर म्हणाला, "ताई, तू यात पडू नकोस." त्याच्या तोंडी हे वाक्य तिने कधी ऐकले नव्हते.

तिला कुठे सांगावे कळेना. ११२ हा तातडीचा नंबर. घरात काही जळत नव्हते. १०९८ ही बालकांची हेल्पलाइन याही कामाला चालते, पण ती घर सोडून पळालेल्या मुलांसाठी आहे अशीच बहुतेकांची समजूत. पोलीस ठाण्यात गेले की भाऊ आत जाणार, ही भीती. चार दिवस गेले. शेवटी तिने आयटीआयच्या निदेशकांना गाठले. ग्रुपवरच्या क्लिप त्यांनी पाहिल्याच होत्या. त्यांच्या ओळखीचा ठाण्यातल्या गोपनीय शाखेचा अंमलदार होता, त्याला सांगितले.

म्हणजे माहिती पोचली ती यंत्रणेमुळे नव्हे, ओळखीमुळे. केंद्रीय गृह मंत्रालयात दहशतवाद आणि कट्टरतावाद यांच्या मुकाबल्यासाठी स्वतंत्र विभाग २०१७ मध्ये झाला. महाराष्ट्रात एटीएस, म्हणजे पोलिसांचे दहशतवाद विरोधी पथक, २००४ पासून आहे, आणि २०१४ साली कल्याणचे चार तरुण इराकला गेल्यानंतर मुलांना अटकेऐवजी समुपदेशनाने परत आणण्याचा विचार राज्यात रुजला. जिल्ह्यात विशेष शाखा आहे, दहशतवाद विरोधी कक्ष आहे. पण बहिणीने कुठल्या दारावर टकटक करायची, हे कुठल्याही फलकावर लिहिलेले नाही. ब्रिटनमध्ये यासाठी २०१५ च्या कायद्याने स्थानिक पातळीवर समिती बसवली आहे; तिथे गुन्हा घडण्याआधी प्रकरण जाते आणि मुलाची किंवा पालकांची संमती लागते. तिथेही तिच्यावर टीका भरपूर होते. पण निदान पत्ता तरी आहे.

पहिले दोन तास आणि तीन चुका

पहिली चूक गणवेशाची. दोन अंमलदार पोलीस गाडी घेऊन भर दुपारी गल्लीत शिरले. नळावरच्या बायकांनी आईला आधी सांगितले, पोलीस मागाहून पोचले. बाल न्यायाच्या नियमांनुसार मुलाशी संबंध येताना पोलिसांनी साध्या वेशात असायला हवे. तो नियम मायेपोटी केला असेल, पण इथे त्याचा हिशेब रोकडा होता: जिना चढायला लागलेल्या मिनिटात मुलाने ग्रुप सोडला.

दुसरी चूक फोनची. अंमलदाराने फोन हातात घेऊन तिथेच चॅट वर-खाली करून पाहिले. टेलिग्रामच्या सीक्रेट चॅट सर्व्हरवर राहत नाहीत, फक्त त्या दोन फोनवर असतात. समोरच्याने टायमर लावला असेल तर वाचता वाचता त्या पुसल्या जातात. अकरा संदेश असे गेले. करायचे होते ते असे: फोन उघडा असेल तर बंद करायचा नाही, आधी एअरप्लेन मोड, वायफाय आणि ब्लूटूथही बंद आहे ना ते पाहायचे, चार्जर आणि दोन्ही सिम सोबत घ्यायची. दोन पंच. बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १०५ प्रमाणे जप्तीचे चित्रीकरण. ते पोलिसांच्या ई-साक्ष्य ॲपवर होते. मग सील. प्रत काढणे प्रयोगशाळेत, तिथे निघालेले हॅश मूल्य (प्रतीची डिजिटल बोटखूण) भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) च्या प्रमाणपत्रात, भाग अ आणि भाग ब दोन्हींत भरायचे. ठाण्यात फोन चाळून मग प्रयोगशाळेत पाठवला तर बचावपक्षाचा पहिला प्रश्न ठरलेला: या दोन तासांत फोन कुणाच्या हातात होता?

तिसरी चूक संध्याकाळी झाली. मुलाचा ठाण्यातल्या बाकावर बसलेला पाठमोरा फोटो एका स्थानिक बातम्यांच्या ग्रुपवर फिरला. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मुलाची ओळख उघड करणे गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाठमोरा असला तरी गल्लीने शर्टावरून ओळखले. फोटो काढून टाकायला एक तास लागला. पुढे समुपदेशकाला या एका तासाची भरपाई करायला महिना लागला, कारण दादाने मुलाला आधीच सांगून ठेवले होते की हे लोक एक दिवस तुझा फोटो लावतील.

टेबलावरची तीन कलमे

रात्री उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे बैठक झाली. ठाण्याच्या बाल कल्याण पोलीस अधिकारी, सरकारी वकील, विशेष शाखेचा निरीक्षक. प्रश्न एकच: नोंद कसली करायची?

निरीक्षकांचे म्हणणे, यूएपीए, म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा. कलम ३८ आणि ३९: दहशतवादी संघटनेचे सदस्यत्व आणि तिला पाठिंबा, प्रत्येकी दहा वर्षांपर्यंत शिक्षा. वकिलांनी विचारले, संघटना कोणती? ग्रुपवर कुठल्याही बंदी घातलेल्या संघटनेचे नाव नव्हते. थ्वाहा फसल प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की या कलमांसाठी संघटनेच्या कारवाया पुढे नेण्याचा इरादा लागतो. व्हर्नन गोन्साल्विस प्रकरणात २०२३ मध्ये म्हटले की हिंसेचा प्रचार करणारे साहित्य नुसते जवळ असणे म्हणजे दहशतवादी कृत्य नव्हे. उलट बाजूही आहे: २०२३ च्या मार्चमध्ये अरूप भुयान प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी बेकायदा ठरवलेल्या संघटनेचे नुसते सदस्यत्वही गुन्हा मानले. पण त्यासाठीही आधी संघटना तर हवी.

आणखी एक गोष्ट ठाण्यांत फारशी बोलली जात नाही. यूएपीए लावला की कागद जिल्ह्यात राहत नाही. एनआयए (राष्ट्रीय तपास संस्था) कायद्याच्या कलम ६ प्रमाणे तो राज्य सरकारकडे, तिथून केंद्राकडे जातो, आणि केंद्राने पंधरा दिवसांत तपास एनआयएकडे द्यायचा का ते ठरवायचे असते. तपासही राज्य पोलिसांत उपअधीक्षक दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. जिथे खरोखर टोळी आहे तिथे हे सगळे हवेच. ४९९ रुपयांच्या रिचार्जसाठी ही यंत्रणा हलवली की ती थांबवायला कुणी धजत नाही.

मग उरल्या त्या तीन क्लिप. त्यातल्या एकीत दुसऱ्या समाजाविरुद्ध उघड चिथावणी होती. बीएनएसचे (भारतीय न्याय संहिता) कलम १९६, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. बाल न्याय कायद्याच्या भाषेत हा किरकोळ अपराध ठरतो. आदर्श नियम २०१६ मधला नियम ८ सांगतो की मुलाविरुद्ध एफआयआर फक्त घृणास्पद गुन्ह्यात (किमान सात वर्षे शिक्षेच्या), किंवा गुन्हा प्रौढांसोबत मिळून केल्याचा आरोप असेल तर. एरवी ठाणे दैनंदिनीत नोंद, सोबत नमुना १ मधला सामाजिक पार्श्वभूमी अहवाल, आणि दोन्ही बाल न्याय मंडळाकडे.

इथे खरी मेख होती. क्लिप दादाने पाठवायला लावल्या, म्हणजे 'प्रौढांसोबत मिळून' असे म्हणून मुलावरही एफआयआर करता आला असता. मग तो दादाचा साथीदार. की दादाने वापरलेले मूल? बाल न्याय कायद्याचे कलम ८३(२) मुलाला बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड सांगते. मानलेल्या पाच मागण्यांची यादी समोर होती. त्यातली एकही मुलाच्या डोक्यातून आलेली नव्हती. बाल कल्याण अधिकाऱ्यांनी ती यादी टेबलावर सरकवली आणि म्हणाल्या, "साहेब, यात पोराचं वाक्य कुठलं आहे ते दाखवा."

ठरले ते असे. अज्ञात प्रौढाविरुद्ध एफआयआर: बीएनएस १९६ आणि बाल न्याय कायदा ८३(२). दोन्ही एकत्र लावण्यामागे कारण आहे. २०२१ च्या दुरुस्तीने तीन ते सात वर्षे शिक्षेचे बाल न्याय कायद्यातले गुन्हे अदखलपात्र झाले, त्यामुळे ८३ एकटे लावून ठाण्यात एफआयआर उभा राहत नाही. सोबत दखलपात्र कलम असले की चालते. संघटनेचे नाव पुढे आलेच तर यूएपीएचे १८ब, म्हणजे भरतीचे कलम, दादाविरुद्ध वाढवायचे. मुलाबाबत दैनंदिनीत क्लिपपुरती नोंद आणि अहवाल मंडळाकडे; एफआयआरमध्ये तो साक्षीदार. एटीएसला माहितीचा गोषवारा गेला. मुलाला रात्री साडेदहाला घरी सोडले.

घरी सोडल्यानंतर

मंडळाने कलम १८(१)(क) वापरले: समज देऊन, मुलाचे आणि पालकांचे समुपदेशन करून घरी पाठवणे. कट्टरतेकडे ओढल्या जाणाऱ्या मुलाला समुपदेशन देण्यासाठी देशाच्या कायद्यात उभी असलेली ही जवळपास एकमेव पायवाट, आणि ती या कामासाठी बांधलेलीच नव्हती. जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या समुपदेशकाकडे बारा बैठका ठरल्या. झोप अगदीच उडाली होती म्हणून सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागातही दाखवले. आईला रात्री-अपरात्री बोलता यावे म्हणून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर पिठाच्या डब्यावर चिकटवला.

पहिला प्रयत्न फसला. समाजातल्या एका आदरणीय धर्मजाणकाराला घरी बोलावले. त्यांनी दीड तास समजावले. मुलाने त्यांना तीन वचने तोंडपाठ म्हणून दाखवली आणि वादात जिंकल्याच्या आनंदात जेवला. सतराव्या वर्षी धर्माची चर्चा म्हणजे अखाडा. समोरचा जितका मोठा, तितका पाडण्यात मान. धर्मजाणकार हवेत, पण मुलगा स्वतः प्रश्न घेऊन येईल तेव्हा. इथे तो नवव्या बैठकीनंतर आला.

दुसरा प्रयत्न वडिलांचा. त्यांनी फोन काढून घेतला. पाच दिवसांत मुलाने मित्राच्या फोनवर नवे खाते उघडले. फोन पूर्ण काढला की दादाकडे जाणारी वाट उलट चोरटी होते. नंतर साधा कीपॅड फोन दिला आणि अभ्यासाला लॅपटॉप स्वयंपाकघरात, आईच्या शिलाई मशीनशेजारी ठेवला. मशीनचा आवाज चालू असतो, त्यामुळे त्याच्यावर कुणी नजर ठेवून आहे असे वाटत नाही.

उपयोग झाला तो भलत्याच गोष्टींचा. मामाचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. उन्हाळ्यात विहिरीवरच्या मोटारी जळून येतात. एका मोटारीचे जळके वाइंडिंग काढायचे, स्लॉट साफ करायचे, वेढे मोजत नवी तार भरायची, व्हार्निश लावून सुकवायची. मोजताना चुकले की पुन्हा पहिल्यापासून. रात्री अकराला हाताला व्हार्निशचा वास घेऊन पोरगा घरी यायचा आणि झोपायचा. तालमीतून वस्तादांनी निरोप पाठवला, तोही उपदेशाचा नव्हता: "आखाड्यात माती टाकायची हाय, चार पोरं कमी पडाय लागल्यात."

आढावा दोन, सहा आणि बारा आठवड्यांनी. 'कट्टरता किती कमी झाली' असा रकाना काही नमुन्यांत असतो. तो भरणारा अंदाजाने भरतो. इथे मोजण्यासारखेच मोजले: आयटीआयची हजेरी, झोपेचे तास, नवी खाती, आणि दुसऱ्या धर्माच्या जुन्या मित्रांपैकी किती जणांशी बोलणे सुरू झाले. बाराव्या आठवड्यात हजेरी पूर्ववत होती. मित्र पाचांपैकी दोन. एक नवे खाते सापडले होते, ते त्यानेच दाखवले.

दादाचे काय? टेलिग्रामने २०२४ च्या सप्टेंबरपासून वैध कायदेशीर मागणीवर नंबर आणि आयपी पत्ता देण्याचे धोरण जाहीर केले आहे. बीएनएसएस ९४ ची नोटीस गेली, उत्तर ४७ व्या दिवशी आले. आयपी परदेशातल्या व्हीपीएनचा (खरा पत्ता लपवणारी सेवा), नंबर बनावट कागदांवर घेतलेल्या सिमचा. रिचार्ज झालेल्या नंबरावरून दुसऱ्या राज्यातल्या एका प्रौढापर्यंत धागा गेला, आणि त्याने असाच आणखी एका मुलाला सिम घ्यायला लावल्याचे निघाले. तपास तिथे अडकून आहे.

अठरावा वाढदिवस

मंडळाची चौकशी साडेतीन महिन्यांत संपली. किरकोळ अपराधात ती चार महिन्यांत संपवायची असते. समुपदेशन सुरू असतानाच मुलगा अठराचा झाला. संस्थेत न राहिलेल्या मुलासाठी बाल संरक्षण कक्षाचे काम अठरापर्यंतच. उरलेल्या चार बैठका कुणी घ्यायच्या, याला उत्तर नव्हते. हाच मुलगा आठ महिन्यांनी मोठा असता तर ती पायवाटही नसती: एक तर फौजदारी खटला, नाहीतर बीएनएसएस १२६ किंवा १२९ खाली शांतता राखण्याच्या किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्राचा कागद. बंधपत्र सही घेते, समुपदेशन देत नाही. समुपदेशकाने चार बैठका स्वतःच्या वेळेत घेतल्या. ही व्यवस्था म्हणता येत नाही.

विशेष शाखेने नाव पुढेही लक्षात ठेवायचे असे सुचवले. त्यावर मतभेद झाले आणि ते मिटले नाहीत.

सहा महिन्यांनी ॲप्रेंटिसशिपसाठी चारित्र्य पडताळणीचा अर्ज ठाण्यात आला. कारकुनाने दैनंदिनीची जुनी नोंद पाहून पेन्सिलीने 'नोंद आहे' असे लिहिले. बाल कल्याण अधिकाऱ्यांची बदली झाली नव्हती, हे नशीब. त्यांनी बाल न्याय कायद्याचे कलम २४ उघडून त्याच्यासमोर ठेवले: या कायद्याखाली निकाली निघालेल्या मुलाला त्या कारणाने कोणतीही अपात्रता लागत नाही. एफआयआरमध्ये तो साक्षीदार आहे, तेही दाखवले. कारकुनाने खोडरबर शोधले, सापडले नाही, शेवटी नवा फॉर्म घेतला आणि लिहिले, 'प्रतिकूल नोंद नाही'.